विली ‘द लायन’ स्मिथ : पियानो वाजवणारा हझ्झान



आज एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. त्याचे पूर्ण नाव वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. विल्यम हेन्री जोसेफ बोनापार्ट बर्थोलॉफ स्मिथ! जॅझ नावाचे जे अमेरिकन संगीत आहे, त्यातला हा मोठा पियानोवादक. जग त्याला विली ‘द लायन’ स्मिथ म्हणून ओळखते. लायन म्हणजे सिंह. आपल्या नातवंडांच्या भाषेत आर्ये.

आपल्या लोकांत आडनावावरून गाव कळते. पेणकर म्हटले की पेण, रोहेकर म्हटले की रोहे, चेऊलकर म्हटले की चौल. विलीच्या नावावरून गाव कळत नाही, पण अख्खे खानदान कळते. जोसेफ हे बायबलातले. बोनापार्ट ही फ्रेंच रक्ताची आठवण. बर्थोलॉफ हे जन्मदात्या बापाचे आडनाव आणि स्मिथ हे सावत्र बापाचे. मग विल्यम आणि हेन्री कशाला? तर म्हणे आध्यात्मिक समतोल साधावा म्हणून! हे सगळे त्याच्या ‘म्युझिक ऑन माय माइंड’ या आत्मचरित्रात आहे. ते १९६४ साली निघाले. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींच्या आठवणी जरा चाळणीतून गाळून घ्याव्या लागतात आणि विली तर बढाया मारण्यात कोणाला हार जाणारा नव्हता. तरीसुद्धा गाळून जे उरते तेही थोडेथोडके नाही.

त्याचा जन्म नोव्हेंबरमधला. साल तो स्वतः १८९७ सांगत असे, कागदपत्रांत १८९३ सापडते. त्या काळी अशी तफावत घरोघरी असे. आपल्यापैकी किती जणांच्या आजोबांची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी ठरवली आहे ते आठवून पाहा. जन्मगाव मात्र नक्की आहे. न्यूयॉर्क राज्यातले गोशेन. मुलांनो, हे नाव ऐकल्यासारखे वाटते ना? मिसर देशात योसेफाने आपल्या बापाला आणि भावांना ज्या प्रांतात वसवले, तोच तो गोशेन. अमेरिकेतल्या गावांना अशी तोरातली नावे पुष्कळ आहेत.

आईचे नाव आयडा. तिच्यात काळ्या लोकांचे रक्त होते, स्पॅनिश होते आणि मोहॉक नावाच्या अमेरिकन आदिवासी जमातीचेही होते. ती चर्चमध्ये ऑर्गन आणि पियानो वाजवायची. बाप फ्रँक बर्थोलॉफ ज्यू होता. पण कसला ज्यू! दारू, बायका आणि जुगार ही त्याची तीन दैवते. आयडाने त्याला सरळ घराबाहेर काढले. विली तेव्हा अगदी लहान होता. बाप पुढे लवकरच वारला आणि आईने जॉन स्मिथ नावाच्या मेकॅनिकशी लग्न केले. मंडळी न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात राहायला गेली. हा सावत्र बाप डुकराचे मांस बांधून पाठवणाऱ्या एका कंपनीत रात्रपाळीला होता. पोर कधीमधी त्याच्याबरोबर जाई, पण तिथली कत्तल त्याला बघवत नसे.

म्हणजे बघा, ज्यू बाप गेलेला, आई चर्चमध्ये वाजवणारी, सावत्र बाप डुकराच्या कारखान्यात. या पोराचा आणि आपल्या धर्माचा संबंध इथेच संपायला हवा होता. तो संपला नाही याचे कारण धुण्याचे गाठोडे.

आई लोकांचे कपडे धुवायची. धुतलेले कपडे पोचवायचे काम विलीचे. त्यात न्यूअर्कमधले एक ज्यू कुटुंब होते. त्या घरी मुलांना हिब्रू शिकवायला रब्बी यायचे. त्या कुटुंबाने या काळ्या पोराला दारात उभे ठेवले नाही, आपल्या मुलांबरोबर बसू दिले. रब्बींच्या लक्षात आले की हा पोरगा एकदा ऐकलेले विसरत नाही आणि चालीवर तर फारच खूश होतो. त्यांनी त्याला वेगळा वेळ देऊन शिकवायला सुरुवात केली. विलीला पुढे आयुष्यभर त्या प्रार्थनांच्या चालींची ओढ राहिली. तेराव्या वर्षी न्यूअर्कमध्ये त्याचा बार मित्झ्वा झाला. यिद्दिशही त्याने उचलली, तीही अशी की म्हातारपणी एका मुलाखतीत ती झोकात बोलून दाखवली.

इथे आम्हांला जरा हसू येते. आपण भारतातून या देशात आलो तेव्हा कित्येकांनी विचारले होते, “यिद्दिश येत नाही? मग तुम्ही ज्यू कसले?” त्या हिशेबाने न्यूअर्कच्या धोबिणीचा हा काळा मुलगा आपल्या सगळ्यांपेक्षा पक्का ज्यू ठरला असता.

विलीचा फोटो आम्ही नातवंडांना दाखवला. डोक्यावर डर्बी हॅट, तोंडात जाडजूड सिगार, अंगात झकास कोट. पोरे म्हणाली, “पण हा ज्यू दिसत नाही!” आम्ही म्हातारी माणसे एकमेकांकडे बघत राहिलो. हे वाक्य आम्ही आमच्याबद्दल इतक्या वेळा ऐकले आहे की आता आमच्याच घरातल्या मुलांच्या तोंडून ते ऐकताना काय बोलावे ते सुचेना.

आता शास्त्र जाणणारा कोणी वाचक म्हणेल, “अहो, आई ज्यू नव्हती ना? मग हलाखाप्रमाणे हा ज्यू कसा?” बरोबर आहे, प्रश्न शास्त्राला धरून आहे. रब्बींनी त्या वेळी काय विधी केला आणि काय नाही याची तपासणी करायला आम्ही बसलो नाही. बसणारही नाही. कारण १९६२ साली इथे बेने इस्राएल मुला-मुलींची लग्ने लावताना आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे जाऊन तपासा, अशी सूचना निघाली होती. आजीची आजी कोण, तिची आई कोण! कोकणात तेलाचा घाणा चालवणाऱ्या बायांचे दाखले कोणी ठेवले होते? मोर्चे निघाले, उपोषणे झाली, आणि शेवटी १९६४ साली क्नेसेटमध्ये ठरावाने जाहीर झाले की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. आपल्या वाचकांत त्या मोर्च्यांत चाललेले लोक आहेत. ज्यांनी हे सोसले त्यांनी दुसऱ्याच्या आजीचा दाखला मागायचा? आम्हांला ते पटत नाही. ज्यांना पटते त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

असो. आता पियानोकडे वळू.

विली सहाएक वर्षांचा असताना घराच्या तळघरात त्याला एक जुना ऑर्गन सापडला. आईचाच, कधीकाळी वाजवलेला. अवस्था अशी की जवळजवळ निम्म्या पट्ट्या गायब! उरलेल्या पट्ट्यांवर आईने त्याला येत होत्या त्या चाली शिकवल्या. ज्या पट्ट्या नव्हत्या त्यांचे सूर डोक्यात ऐकायचे. आम्हांला वाटते, शिकायला याहून चांगले वाद्य नसेल.

चांगला पियानो घ्यायचा तर पैसे कुठले? घरात खाणारी तोंडे वाढत होती. विलीचा एक मामा गाणारा होता. त्याने भाच्याला नाच शिकवला. विलीने एका थिएटरात हौशी नाचणाऱ्यांची स्पर्धा जिंकली आणि दहा डॉलरचे बक्षीस घरी आणले. मग तो चपला-बुटांच्या दुकानात कामाला लागला. बूट पॉलिश करायचे, निरोप पोचवायचे. आठवड्याला पाच डॉलर मिळत.

पियानो शेवटी मिळाला तो गणितामुळे. मुलांनो, हे नीट वाचा. न्यूअर्कच्या एका कपड्यांच्या दुकानाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. एक वर्तुळ छापले होते, त्यात टिंबेच टिंबे. किती टिंबे आहेत ते जो बरोबर सांगेल त्याला उभा पियानो बक्षीस. लोकांनी अंदाज ठोकले. विलीने शाळेत शिकलेला हिशेब लावला आणि उत्तर पाठवले. दुसऱ्याच दिवशी पियानो घरात! तेव्हापासून तो पट्ट्यांवरून उठला नाही म्हणतात.

पट्ट्या ओळखीच्या झाल्या, पण वाजवायचे काय ते शिकायला तो क्लासला गेला नाही. न्यूअर्कमध्ये गुत्त्यांची आणि नाचघरांची एक बदनाम वस्ती होती. तिथे पियानोवाले रात्रभर रॅगटाइम वाजवत. रॅगटाइम म्हणजे जॅझच्या आधीचे ठेक्याचे संगीत. स्कॉट जॉप्लिन या काळ्या संगीतकाराचे ‘मेपल लीफ रॅग’ तेव्हा जिकडेतिकडे वाजत असे. आत जायचे वय नव्हते तरी विली आत जाऊ लागला. आईला हे आवडण्यासारखे नव्हतेच. दुसऱ्याची बोटे बघायची, कानात साठवायचे, घरी येऊन बसवायचे. हिब्रू प्रार्थना जशी कानाने शिकला तसेच हेही. आपल्या पूर्वजांनी कोकणात ग्रंथ नसताना ‘शेमा’ कसा जपला? असाच, कानातून कानात.

१९१० नंतरच्या काही वर्षांत तो कमाई करू लागला. कधी न्यूअर्क, कधी न्यूयॉर्क, उन्हाळ्यात समुद्रकाठचे अटलांटिक सिटी. याच काळात त्याची जेम्स पी. जॉन्सनशी गाठ पडली. जॉन्सन हा नव्या पियानो-पद्धतीचा बाप मानला जातो. दोघांची जन्मभराची मैत्री झाली. पुढे त्यांना फॅट्स वॉलर नावाचा एक गोलमटोल पोरगा येऊन मिळाला आणि या त्रिकुटाने हार्लेम हलवून सोडले.

या पद्धतीला स्ट्राइड म्हणतात. स्ट्राइड म्हणजे लांब ढांग. ढांग टाकतो तो डावा हात. आपली हार्मोनियम डोळ्यांपुढे आणा. तिथे उजवा हात सुरांवर आणि डावा बिचारा भाता हाकण्यात अडकलेला. आपल्या कीर्तनांत, भजनांत पेटी अशीच वाजली. पियानोला भाता नाही, त्यामुळे डावा हात मोकळा. स्ट्राइडमध्ये चार मात्रांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला डावा हात अगदी खालच्या टोकाचा जाड सूर ठोकतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला उडी मारून मध्यावर तीन-चार सुरांचा झुपका दाबतो. पुन्हा खाली, पुन्हा वर. म्हणजे डग्गा आणि तंबोरा दोन्ही त्याच हातात! उजवा हात तेवढ्यात वर नक्षी काढत असतो. वेग इतका की बघणाऱ्याला वाटावे डावा हात पियानोवर धावतो आहे. नजर न टाकता अचूक पट्टीवर पडायला वर्षे लागतात. साथीला ढोलवाला नको, बास वाजवणारा नको, एकटा माणूस पन्नास जणांना नाचवू शकतो. म्हणूनच गरिबांच्या घरी ही पद्धत वाढली. तीनचार जणांना पैसे द्यायची ऐपत कोणाची होती?

मध्येच पहिले महायुद्ध आले. विली सैन्यात गेला. काळ्या सैनिकांच्या ३५०व्या फील्ड आर्टिलरी रेजिमेंटबरोबर तो फ्रान्सला पोचला. तिथल्या बँडमध्ये त्याने ढोल वाजवला आणि आघाडीवर तोफही चालवली. ‘लायन’ हे नाव त्याला तोफेपाशी दाखवलेल्या धाडसामुळे मिळाले असे तो सांगे. ते जेम्स जॉन्सनने दिले असेही एक मत आहे, आणि काही जण त्याचा संबंध यहुदाच्या सिंहाशी जोडतात. आम्हांला अर्थातच तिसरे आवडते. पण आवडण्यावर इतिहास चालत नाही.

युद्धावरून परतल्यावर त्याने हार्लेममध्ये बस्तान बसवले. न्यूयॉर्क शहराचा हा भाग. दक्षिणेकडून अत्याचार आणि गरिबीला कंटाळून निघालेले हजारो काळे लोक तेव्हा तिथे येत होते. आम्ही मुंबईत गिरणगावच्या चाळी पाहिल्या आहेत. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी इथे माअबारातल्या झोपड्याही पाहिल्या आहेत. तेव्हा गर्दी म्हणजे काय ते आम्हांला सांगावे लागत नाही. हार्लेममध्ये काळ्या भाडेकरूंकडून गोऱ्यांपेक्षा जास्त भाडे उकळले जाई आणि त्यांची मजुरी मात्र कमी. महिनाअखेर भाडे भरायचे कसे?

त्यावर लोकांनी जो तोडगा काढला तो मोठा न्यारा आहे. ज्याचे भाडे तुंबले त्याने शनिवारी रात्री घरातले सामान शेजाऱ्याकडे हलवायचे आणि नाचायला जागा करायची. लहानशी कार्डे छापून वाटायची. येणाऱ्याने दारात पंचवीस-पन्नास सेंट द्यायचे, खाणे-पिणे विकत घ्यायचे. सकाळपर्यंत भाड्याचे पैसे जमत. याला रेंट पार्टी म्हणत. आणि पार्टी चालणार कोणाच्या जिवावर? पियानोवाल्याच्या! चांगला पियानोवाला येणार असे कार्डावर असले की घर भरलेच समजा.

एका रात्री तीन-तीन ठिकाणी ही मंडळी वाजवत. त्यांच्यात सामनेही होत. एकाने वाजवायचे, दुसऱ्याने तीच चाल आणखी अवघड करून दाखवायची, तिसऱ्याने आणखी. कव्वालीचा मुकाबला ऐकला असेल त्याला ही गंमत कळेल. विलीचे येणे म्हणजे नाटकातल्या नायकाची एन्ट्री. तो आत येई, कोट सावकाश उतरवून त्याची घडी घाली, पियानोवर बसलेल्याकडे दोन मिनिटे बघत उभा राही. समोरच्याची बोटे तिथेच अडखळत. वाजवणारा कच्चा असेल तर विली सरळ बोलून दाखवत असे. डावा हात हरवला आहे का रे तुझा, असल्या थाटात!

पण एक गंमत आहे. हा माणूस तोंडाने जितका गरजायचा तितकी त्याची बोटे गरजत नसत. त्याने स्वतः केलेल्या रचना ऐका. ‘इकोज ऑफ स्प्रिंग’ ऐका, ‘मॉर्निंग एअर’ ऐका. खाली डावा हात झऱ्यासारखा वाहतो आणि वर उजवा हात अगदी हळुवार काहीतरी सांगत राहतो. ‘फिंगर बस्टर’ सारखी बोटे मोडणारी चीजही त्याच्याकडे होती, सामना जिंकायला. आम्हांला मात्र त्याची हळुवार बाजू जास्त खरी वाटते. त्या सुरांत कुठेतरी न्यूअर्कच्या रब्बींच्या चाली मुरल्या असतील का? सिद्ध करता येणार नाही. ऐकताना मनात येते एवढेच.

१० ऑगस्ट १९२० या दिवशी न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथ या काळ्या गायिकेने ‘क्रेझी ब्लूज’ नावाचे गाणे रेकॉर्ड केले. काळ्या गायिकेने म्हटलेली ब्लूजची ही पहिली गाजलेली तबकडी. ती इतकी खपली की कंपन्यांचे डोळे उघडले. काळे लोकही पैसे देऊन तबकड्या घेतात हे तोवर कोणाच्या ध्यानातच आले नव्हते! त्या दिवशी पियानोवर आपण होतो असे विलीने सांगितले आहे.

१९२३ साली वॉशिंग्टनहून एक देखणा तरुण पियानोवाला न्यूयॉर्कला आला. खिशात पैसे नव्हते. विलीने त्याला जवळ घेतले, ओळखी करून दिल्या, आपल्या जागी वाजवायला बसवले. तो तरुण म्हणजे ड्यूक एलिंग्टन. जॅझमध्ये त्याचे नाव केवढे मोठे झाले ते माहीतगारांना सांगायला नको. एलिंग्टन हे उपकार विसरला नाही. १९३९ साली त्याने ‘पोर्ट्रेट ऑफ द लायन’ ही रचना केली, आणि पुढे विलीच्या आत्मचरित्राला प्रस्तावनाही लिहिली. शिष्याने गुरूच्या नावाने चीज बांधावी, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?

गुरू मात्र मागेच राहिला. फॅट्स वॉलर सिनेमात गेला, रेडिओवर गेला. एलिंग्टनचा बँड देशोदेशी गाजला. विली हार्लेममध्ये वाजवत राहिला. तो कोणाच्या बँडमध्ये फार काळ रमणारा नव्हता, कोणाचे ऐकून घेणारा तर नव्हताच. जानेवारी १९३९ मध्ये कमोडोर या छोट्या कंपनीने त्याला पियानोसमोर एकटे बसवून चौदा चीजा रेकॉर्ड केल्या. ही कंपनी मिल्ट गेब्लर या ज्यू दुकानदाराने काढली होती. आज विली जो आपल्याला ऐकायला मिळतो, त्यातला उत्तम भाग त्या चौदांत आहे. नाहीतर पार्टीत वाजलेले सगळे सकाळ झाली की हवेत विरून गेले होते.

मध्यंतरी आपल्या मुंबईतही हे संगीत पोचले होते. १९३० नंतरच्या दशकात अपोलो बंदरच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड हा काळा अमेरिकन पियानोवादक वाजवत असे. तोही याच घराण्यातला म्हणायचा, डावा हात दणदणीत. नंतर तो कलकत्त्याला गेला आणि १९४५ साली तिथेच पटकीने वारला. आपल्यापैकी ताजच्या दारातून आत जाऊ शकणारे किती होते हा प्रश्नच आहे. पण गेटवेच्या कट्ट्यावर हवा खायला जाणाऱ्यांच्या कानावर एखादा तुकडा पडला असेल तर काय सांगावे!

आता हझ्झानाची गोष्ट. हार्लेममध्ये काळ्या ज्यूंची मंडळी होती, त्यांचे सिनेगॉग होते. रात्रभर गुत्त्यात, धुरात बसून वाजवणारा हा सिंह पुढे त्या सिनेगॉगमध्ये हझ्झान झाला. लोकांना हे खरे वाटत नसे. आपला आत्मा ज्यू आहे हे लोकांच्या पचनी पडत नाही, अशा अर्थाचे त्याने लिहूनही ठेवले आहे. त्यावर त्याने वाद घातला नाही, दाखले काढले नाहीत. तो तेफिल्ला म्हणत राहिला. बोटे शिकवली आईने आणि गळा शिकवला रब्बींनी, दोन्ही विद्या त्याने वापरात ठेवल्या. आपल्याकडेही मुंबईच्या जुन्या मशिदीत, म्हणजे शाआर हाराहामीममध्ये, पूर्वी हझ्झान कोचीनहून, येमेनहून आलेले असत. त्यांच्या रंगावरून किंवा उच्चारांवरून कोणी नाक मुरडल्याचे आम्ही तरी वाडवडिलांकडून ऐकले नाही. गळा चांगला आहे ना, अक्षर शुद्ध आहे ना, एवढे लोक बघत.

मुलांना आवडेल अशी एक गोष्ट राहिली. १२ ऑगस्ट १९५८ रोजी हार्लेममध्ये एका घराच्या पायऱ्यांवर आणि समोरच्या फुटपाथवर जॅझच्या सत्तावन्न वादक-गायकांचा एक फोटो काढला गेला. जगप्रसिद्ध फोटो आहे, मिळाला तर जरूर बघा. एवढ्या कलाकारांना सकाळी एकत्र उभे करायचे म्हणजे काय चेष्टा आहे? रात्रभर वाजवून झोपणारी ही माणसे! सगळे एकमेकांना मिठ्या मारताहेत, गप्पा हाणताहेत, फोटोग्राफर आर्ट केन ओरडतोय. विली आला होता, नेहमीच्या थाटात आला होता. पण उभे राहून राहून कंटाळला आणि शेजारच्या घराच्या पायरीवर जाऊन बसला. नेमका तेव्हाच फोटो निघाला. इतिहासातल्या एवढ्या मोठ्या फोटोत सिंह नाही! पुढे आणखी फोटो प्रसिद्ध झाले, त्यांत तो दिसतो. आम्ही नातवंडांना सांगितले की लग्नात ग्रुप फोटोच्या वेळी उठून आइसक्रीम आणायला गेले की असे होते. ते त्यांना लगेच कळले.

उतारवयात त्याचे बरे चालले. युरोपात बोलावणी आली, तरुण मुले पायाशी बसून शिकली, लोक मुलाखती घ्यायला लागले. पियानो वाजवता वाजवता तो जुन्या गोष्टी सांगे, हॅट आणि सिगार होतेच. १८ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला. आम्ही त्या सालचे हिब्रू पंचांग काढून तारीख ताडून पाहिली. १६ निसान ५७३३. पेसाहचा सण चालू होता आणि ओमेर मोजायचा तो पहिला दिवस होता.